जॉर्ज केनन: रशिया एवढा ओळखला, मग राजदूत म्हणून पाच महिन्यांत बाहेर कसा?

समीर_वाचतोय (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सध्या शीतयुद्धाच्या सुरुवातीच्या वर्षांबद्दल वाचतोय आणि एका माणसापाशी अडकलोय. जॉर्ज केनन. अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेत रशिया त्याच्याइतका कुणाला कळला नाही, असं जिथं तिथं वाचायला मिळतं. १९४६ ची ती गाजलेली लांबलचक तार, १९४७ मध्ये 'एक्स' या नावाने छापलेला लेख, सोव्हिएत विस्ताराला बांध घालायची ती 'कंटेनमेंट'ची कल्पना, सगळं याच्या नावावर. रशियन भाषा उत्तम. नोकरी १९२६ पासूनची.

आणि हाच माणूस मे १९५२ मध्ये राजदूत होऊन मॉस्कोला जातो, तर ३ ऑक्टोबरला सोव्हिएत सरकार त्याला 'पर्सोना नॉन ग्राटा' (म्हणजे देशात नको असलेला राजनैतिक अधिकारी) ठरवून मोकळं होतं. जेमतेम पाच महिने! त्याच्या आधी ज्यांना रशियनचा गंधही नव्हता असे लोक त्याच खुर्चीत बसून सुखाने परत गेले.

तर प्रश्न असा की चूक कुणाची? स्टालिनच्या त्या शेवटच्या दिवसांत कोणीही गेलं असतं तरी हेच झालं असतं, की केननला राजदूतपण जमलंच नाही? आणि जोडीला एक बाळबोध प्रश्न: अमेरिकेत राजदूत होतात कसे? परीक्षा देऊन चढत जातात की राष्ट्राध्यक्षांच्या मर्जीने?

---

काठावरचा

बर्लिनच्या विमानतळावर पत्रकाराने प्रश्न विचारला आणि साहेबांनी उत्तर दिलं. एवढंच झालं. राजदूताने विमानतळावर फक्त हवामानावर बोलावं.

---

मृण्मयी

बाळबोध प्रश्नाचं उत्तर मी देते, बाकीचं तारबाबू काका देतीलच, ते या विषयावर टपूनच असतात.

दोन्ही वाटा आहेत. १९२४ मध्ये रॉजर्स कायदा झाला, त्याने राजनैतिक आणि वाणिज्य-दूतांची अशा दोन वेगळ्या नोकऱ्या एकत्र करून परीक्षेवर आधारलेली एकच परराष्ट्र सेवा उभी केली. केनन त्या नव्या सेवेच्या पहिल्या पहिल्या तुकड्यांतला. ही झाली कारकीर्दवाल्यांची वाट: लेखी परीक्षा, तोंडी परीक्षा, मग कुठल्यातरी वकिलातीत व्हिसाचे शिक्के मारत सुरुवात. दुसरी वाट राष्ट्राध्यक्षांच्या विश्वासातल्या माणसांची. त्यात निवडणुकीला पैसे उभे करून देणारे आले, मित्र आले, माजी सिनेटर आले, अधूनमधून खरोखरचे विद्वानही आले. मोटामोटी सत्तर-तीस असं प्रमाण गेली अनेक दशकं चालत आलंय. दोघांनाही राष्ट्राध्यक्षच नेमतो, दोघांनाही सिनेटची मंजुरी लागते आणि ज्या देशात जायचं त्या देशाची संमती आधी गुपचूप घ्यावी लागते. म्हणजे सोव्हिएतांनी केननच्या नावाला आधी हो म्हटलं होतं, हे विसरू नका!

---

जुना_तारबाबू

मृण्मयीताईंनी टपून बसलेला म्हटलंच आहे, तर आता सुट्टी नाही.

मी आयुष्यभर तार खात्यात काढलं. शब्दाला पैसे पडायचे, म्हणून लोक क्रियापदंसुद्धा गिळायचे. 'आई गंभीर ताबडतोब निघ' यात सगळं घर मावायचं. त्यामुळे केननशी माझी ओळख झाली ती शीतयुद्धामुळे नव्हे, तारेमुळे. पाच हजारांवर शब्दांची तार कुणी शुद्धीत पाठवेल यावर माझा विश्वासच बसेना.

आणि खरं सांगायचं तर तो धडधाकट नव्हताच. फेब्रुवारी १९४६. राजदूत हॅरिमन मॉस्को सोडून गेलेले, वकिलातीची सूत्रं केननकडे. सर्दी, ताप, सायनस, दाढ, सगळं एकदम उपटलेलं. अंथरुणात पडलाय. तेवढ्यात वॉशिंग्टनहून विचारणा: सोव्हिएत सरकार जागतिक बँकेत आणि नाणेनिधीत यायला का तयार नाही? कोषागार खात्याला समजत नव्हतं. केनन दीड वर्षांहून अधिक काळ तेच तर सांगत होता आणि कुणी ऐकत नव्हतं. आता त्यांनीच विचारलं म्हटल्यावर त्याने सेक्रेटरी डोरोथी हेसमन यांना बोलावलं आणि पडल्या पडल्या मजकूर सांगायला लागला. तारेचे पाच भाग केले. का? तर एवढं एक लचांड एकदम पाठवलं तर लोक बोंब मारतील, पाच तुकडे केले की प्रत्येक तुकडा तार म्हणून खपून जाईल. जुन्या काळच्या पाद्र्याच्या प्रवचनासारखे भाग पाडले होते, असं त्याने स्वतःच पुढे गमतीने लिहिलं. ही युक्ती वाचली आणि माणूस मला आवडायला लागला. आमच्या खिडकीवर आला असता तर मी त्याला चहा पाजला असता.

२२ फेब्रुवारीला तार गेली. नौदलमंत्री फॉरेस्टल यांनी तिच्या प्रती काढून शेकडो अधिकाऱ्यांना वाचायला लावल्या. तिथून याचं नशीब पालटलं. पुढच्या वर्षी परराष्ट्रमंत्री मार्शल यांनी धोरण आखणारा नवा विभाग काढला आणि त्याच्यावर याला बसवलं. सूचना काय दिली, तर किरकोळ गोष्टींत शिरू नका. बस.

आता समीर, तुझ्या मुख्य प्रश्नाकडे येतो. माझं मत थोडं कडक आहे. केनन हा उत्तम बातमीदार होता आणि राजदूताचं काम बातमीदाराचं नसतं. वीस वर्षं तो राजदूताच्या शेजारी, मागे, खालच्या खुर्चीवर बसला. तिथून त्याला जे दिसलं ते दुसऱ्या कुणाला दिसलं नाही. पुढच्या खुर्चीवर बसवल्यावर मात्र तो तसाच वागला, म्हणजे पाहायचं, अस्वस्थ व्हायचं आणि सांगून टाकायचं.

खालच्या खुर्चीचा एक प्रसंग सांगतो. १९३६ च्या अखेरीला रूझवेल्टनी जोसेफ डेव्हिस नावाचे धनाढ्य वकील राजदूत म्हणून धाडले. हे मृण्मयीताईंच्या दुसऱ्या वाटेने आलेले. ते आले त्याच संध्याकाळी वकिलातीतले तरुण अधिकारी एका सहकाऱ्याच्या खोलीत जमले आणि सगळ्यांनी मिळून राजीनामे द्यायचे का यावर खल केला! दिले नाहीत. मग जानेवारी १९३७ मध्ये मॉस्कोत राडेक, प्याताकोव्ह वगैरे जुन्या बोल्शेविकांवरचा खटला उभा राहिला. डेव्हिससाहेब प्रेक्षकांत, शेजारी केनन, कानाशी लागून एकेका वाक्याचं भाषांतर करतोय. समोर माणसं स्वतःच्या तोंडाने स्वतःला देशद्रोही म्हणवून घेतायत. केननला हा सगळा बनाव आहे हे दिसतंय. साहेबांना मात्र आरोपी दोषी आहेत असंच वाटतंय. मधली सुट्टी झाली की साहेब पत्रकारांपुढे मत झाडायला उभे राहायचे आणि केननला पाठवायचे सँडविच आणायला.

रशियन येणाऱ्या माणसाने सँडविच आणायचं, आणि न येणाऱ्याने निकाल द्यायचा. ज्याने कुठल्याही कचेरीत नोकरी केलीय त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

(अवांतर: केनननेच लिहिलंय हे, तेव्हा थोडं मीठ त्याच्या बाजूनेही पडलेलं असणार. डेव्हिसना तो कधीच माफ करू शकला नाही.)

आता १९५२. ट्रूमननी नेमलं. स्पासो हाउस या राजदूताच्या प्रशस्त बंगल्यात केनन आला तो अशा वेळी की कोरियात युद्ध चालू आणि मॉस्कोच्या भिंतींवर अमेरिकेविरुद्धची जहरी पोस्टरं लागलेली. फाटकावर पहारा. बाहेर पडला की साध्या वेषातली माणसं मागे. फिरायला गेला तरी मागे, नाटकाला गेला तरी मागे. रशियन साहित्यावर जीव असलेला माणूस, आणि एकाही रशियनाशी चार शब्द बोलायची सोय नाही. बोललं तर त्या रशियनाचंच वाटोळं.

सप्टेंबरमध्ये वकिलातीत चोरून बोलणी ऐकायची यंत्रं शोधणारे तंत्रज्ञ आलेले होते. नेहमीच्या तपासणीत काही सापडत नव्हतं. त्यांचं म्हणणं पडलं की घरात खरं काम चालू असल्यासारखं वाटलं तरच ते यंत्र जागं होईल. मग एका संध्याकाळी केननने सेक्रेटरीला अभ्यासिकेत बसवलं आणि जुना अहवाल मोठ्याने सांगायला सुरुवात केली, जणू आजचाच मजकूर आहे. केनन सांगतोय, त्या लिहून घेतायत. तंत्रज्ञ खोल्याखोल्यांतून उपकरण घेऊन फिरतायत. एक जण अभ्यासिकेत आला, भिंतीवरचं अमेरिकेचं लाकडी राजचिन्ह उतरवलं आणि हातोडीने त्यामागची भिंत फोडायला लागला. भिंतीत काही नाही. मग त्याने हातोडी त्या चिन्हावरच चालवली. आणि त्या फुटक्या लाकडाच्या पोटातून पेन्सिलीएवढी वस्तू निघाली. या सगळ्यात केननने मजकूर सांगणं थांबवायचं नव्हतं, तो सांगतच होता.

ते चिन्ह १९४५ मध्ये सोव्हिएत शाळकरी मुलांनी हॅरिमनना मैत्रीची भेट म्हणून दिलेलं. आत ना बॅटरी ना वायर. बाहेरून रेडिओलहरींचा झोत टाकला की ते जागं व्हायचं, एरवी मुकं. म्हणून सात वर्षं सापडलं नाही. घडवणारा लेव थेरमिन, हात न लावता वाजवायच्या वाद्यामुळे ज्याचं नाव आजही घेतात तोच. हॅरिमन, बेडेल स्मिथ, कर्क आणि केनन, चार राजदूतांची बोलणी त्या लाकडाने ऐकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरातल्या सोव्हिएत नोकरांचे आणि फाटकावरच्या पहारेकऱ्यांचे चेहरे असे काही दगडी झाले होते, की आत कळायचं ते कळलेलं आहे हे उघड होतं.

आणि कुंपणाची गोष्ट. केननचा लहानगा मुलगा तेव्हा तीनही पुरा नव्हता. बंगल्याच्या पुढच्या बागेत तो खेळत होता, बाहेरून रशियन मुलं चालली होती. कुंपणाच्या लोखंडी गजांतून हसणं झालं, हात पुढे झाले. पहारेकरी धावले आणि त्यांनी त्या मुलांना हुसकावून लावलं. केनन हे बघत होता. आपला धीर तिथे सुटला, असं तो नंतर म्हणाला.

त्यानंतर लगेच, १९ सप्टेंबरला, लंडनच्या एका बैठकीला जाताना त्याचं विमान बर्लिनच्या टेंपलहॉफला उतरलं. पत्रकाराने विचारलं, मॉस्कोत लोकांशी काही संबंध येतो का? यावर केनन म्हणाला तो मथितार्थ असा: युद्धात मला नाझींनी काही महिने जर्मनीत नजरकैदेत ठेवलं होतं, तेव्हा रस्त्यावर फिरायला दिलं असतं आणि कुणाशी बोलायची मात्र बंदी असती, तर आज मॉस्कोत आम्ही जसे राहतो तसंच ते झालं असतं.

अनुभव खरा होता बरं का. डिसेंबर १९४१ मध्ये हिटलरने अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारलं तेव्हा केनन बर्लिनमध्ये होता आणि शंभरावर अमेरिकनांसोबत बाड नाउहाइममधल्या एका हॉटेलात पाच महिने कोंडलेला होता. पण युद्धात दोन कोटींवर माणसं गमावलेल्या देशाला तू नाझींसारखाच म्हणायचं, तेही बर्लिनमध्ये उभं राहून! 'प्रावदा' या सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या वृत्तपत्राने आठवड्याभरात सोलून काढलं आणि मग हकालपट्टी. तेव्हा तो मॉस्कोत नव्हताच. बायको आणि मुलं मात्र तिथेच. आवराआवर तिलाच करावी लागली.

भिंतीवर यंत्र टांगून जे मनातलं ऐकायला ते सात वर्षं झटत होते, ते यांनी विमानतळावर सांगून टाकलं. म्हणून म्हणतो, दोष केननचा.

---

समीर_वाचतोय

बाप रे. सँडविच आणि हातोडी दोन्ही माहीत नव्हतं. काका, एक शंका. तुम्ही म्हणता त्याने तोंड आवरलं असतं तर टिकला असता. पण टिकून केलं काय असतं? स्टालिनची भेट तर झालीच नाही ना?

---

जुना_तारबाबू

नाही झाली. अधिकारपत्रं दिली ती श्वेर्निक यांना, राष्ट्रप्रमुख म्हणून तेच होते. स्टालिनकडे मागणी लावावी असं केननलाच वाटलं नाही, कारण सांगण्यासारखं वॉशिंग्टनने त्याच्या हाती काही दिलेलंच नव्हतं.

---

मृण्मयी

काका, मग तुम्हीच माझा मुद्दा केलात. रिकाम्या हाताने पाठवायचं, बंद दाराशी उभं करायचं, आणि तो चिडला की म्हणायचं याला राजदूतपण जमलं नाही!

त्याच्यानंतरच्या दोघांशी तुलना करून लोक केननला नापास करतात म्हणून सांगते. चार्ल्स बोलन त्याचाच समवयस्क, त्याच्यासारखाच रशियन शिकलेला, स्टालिनबरोबरच्या तेहरान-याल्टाच्या युद्धकाळातल्या बैठकांत रूझवेल्टचा दुभाषी. त्याला १९५३ मध्ये पाठवलं. याल्टाला हजर होता या 'गुन्ह्या'साठी कट्टर कम्युनिस्टविरोधी सिनेटर मॅकार्थी आणि मंडळींनी सिनेटमध्ये त्याची सालटी काढली, शेवटी ७४ विरुद्ध १३ मतांनी मंजुरी. तो एप्रिलमध्ये पोहोचला आणि चार वर्षं राहिला. त्याच्यानंतर लुएलिन थॉम्पसन १९५७ ते १९६२. स्टालिननंतरचा सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्ह, त्याच्या घरच्यांशीसुद्धा ओळख. क्युबाच्या क्षेपणास्त्रांच्या वेळी केनेडींच्या खोलीत ख्रुश्चेव्हला प्रत्यक्ष ओळखणारा माणूस होता तो हाच. सगळे म्हणतात बघा, थॉम्पसन कसा शांत, कसा मितभाषी.

पण तारीख बघा की. स्टालिन ५ मार्च १९५३ ला गेला. दोघंही त्यानंतरचे. केननच्या वाट्याला जे मॉस्को आलं ते या दोघांनी राजदूत म्हणून पाहिलंच नाही.

आणि केनन दुसऱ्यांदा राजदूत झाला ते का कुणी आठवत नाही? १९६१, केनेडींनी युगोस्लाव्हियाला पाठवलं. तिथं तर तो बोलू शकत होता, भाषा येत होती, तिथले राष्ट्राध्यक्ष टिटो भेटत होते. तिथं त्याला कुणी हाकललं? यजमानांनी नाही, वॉशिंग्टनच्या काँग्रेसने. १९६२ मध्ये युगोस्लाव्हियाची व्यापारी सवलत काढून घ्यायचा घाट घातला, याने स्वतः जाऊन एकेकाला समजावलं, कुणी ऐकलं नाही, पुढच्या वर्षी हा सोडून निघाला. तेव्हा तर तोंड घसरलं नव्हतं.

---

काठावरचा

मृण्मयी +१. हवामानाचं वाक्य मागे घेतो.

---

जुना_तारबाबू

मृण्मयीताई, बोलनची तारीख मान्य. ती मी लक्षात घ्यायला हवी होती. थॉम्पसनबद्दल मात्र अर्धंच मान्य. तो माणूस १९४१ साली पण मॉस्कोतच होता, जर्मन फौजा दाराशी आल्या आणि बाकीची वकिलात मागे हलली तेव्हाही शहरात थांबला होता. स्टालिनचं मॉस्को त्याने चांगलंच खाल्लेलं होतं, राजदूत म्हणून नसेल. त्याचा तोल कधी सुटला नाही. स्वभाव वेगळा, दुसरं काय.

आणि युगोस्लाव्हियाचं बोलायचं तर तिथंही केननच्या मनाला लागलं. त्याला प्रत्येक गोष्ट लागायची. डायऱ्या लिहायचा त्या सत्तर-ऐंशी वर्षं लिहिल्या, आणि त्यातली निम्मी पानं स्वतःवर नाराज असल्याची. हा दोष की गुण, मी ठरवू शकत नाही. तापात पडलेला असताना ती तार लिहिणारा माणूस जाड कातडीचा असून चाललं नसतं.

एक गोष्ट राहिली, ती सांगून थांबतो. हकालपट्टीनंतर तो देशात परतला, आयझेनहॉवर निवडून आले, जॉन फॉस्टर डलेस परराष्ट्रमंत्री झाले. नियम असा होता की राजदूतपद सुटल्यावर तीन महिन्यांत नवं काम मिळालं नाही तर माणूस आपोआप निवृत्त. डलेसनी काही दिलंच नाही. रागवणं नाही, कागदोपत्री काढून टाकणं नाही, नुसते तीन महिने जाऊ दिले. वय ४९. गंमत अशी की 'तुमच्यासाठी जागा नाही' हे सांगायला बोलावलं त्याच बैठकीत डलेसनी त्याला रशियाबद्दल मत विचारलं, आणि अधूनमधून येत जा म्हणाले. म्हणजे सँडविच संपली नव्हतीच.

त्यानंतर तो प्रिन्स्टनला बसून इतिहास लिहीत राहिला. दोनदा पुलित्झर, १९५७ आणि १९६८. १७ मार्च २००५ ला गेला तेव्हा वय १०१. ज्या सोव्हिएत संघाने त्याला हाकललं तो त्याच्या आधी तेरा वर्षं गेला होता.

---

समीर_वाचतोय

धन्यवाद सगळ्यांना. थॉम्पसनवर वेगळा धागा काढतो. जाता जाता, काका, तुम्ही वर तारेचे पाच हजार शब्द म्हणालात. मी बऱ्याच ठिकाणी आठ हजार वाचलंय.

---

जुना_तारबाबू

आठ हजार हा आकडा खुद्द केननच्या आठवणींतला, तोच सगळे उचलतात. मी छापील मजकूर घेऊन दोन दुपारी बसलो होतो. पाच हजारांच्या थोडी वर भरते. तार देणारा स्वतः जो आकडा सांगतो तो आम्ही खिडकीवरसुद्धा कधी धरला नाही, पेन्सिल घेऊन मोजूनच घ्यायचो.